कस्टम्स ब्रोकरची सेवा : जळगावच्या एका चटई कारखान्याचा अनुभव

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या प्लॅस्टिक चटईच्या कारखान्यासाठी चीनमधून मागवलेले यंत्रांचे सुटे भाग न्हावाशेवा बंदरातून सोडवून घेण्याचे काम आम्ही वर्षभरात तीन वेळा नवी मुंबईतील एका परवानाधारक कस्टम्स ब्रोकरकडे, म्हणजे आयातदाराच्या वतीने कस्टम्सची कागदपत्रे भरणाऱ्या फर्मकडे, दिले. या सेवेविषयी मी समाधानी आहे; पण का, ते सांगायचे तर आधीच्या अनुभवापासून सुरुवात करावी लागेल.

त्यापूर्वी ओळखीच्या एका वाहतूकदाराने 'कागद माझ्याकडे द्या, माल दारात पोचवतो' असे सांगितले आणि आम्ही त्याच्यावर विसंबलो. मालाच्या वर्गीकरणाबद्दल कस्टम्सने शंका काढली, तेव्हा कळले की बिल ऑफ एन्ट्रीवर (आयात मालाच्या कस्टम्सकडे भरायच्या घोषणापत्रावर) ब्रोकर म्हणून भलत्याच फर्मचे नाव आहे. त्या फर्मला आम्ही ना कधी भेटलो होतो, ना अधिकारपत्र दिले होते. उत्तर कोणी द्यायचे यातच नऊ दिवस गेले आणि कंटेनरचे भाडे चढत राहिले.

सीमाशुल्क कायदा, 1962 नुसार आयातदार स्वतःच्या मालाचे बिल ऑफ एन्ट्री स्वतः भरू शकतो; खात्याचे ओळखपत्र असलेला त्याचा नोकरदारही हे काम पाहू शकतो. दुसऱ्यांसाठी हे काम व्यवसाय म्हणून करायचे असेल, तर मात्र कलम 146 प्रमाणे परवाना लागतो, आणि 2018 च्या नियमावलीनुसार तो परवाना विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आपल्याकडे अजूनही सगळे ज्याला सीएचए (कस्टम हाउस एजंट) म्हणतात, तोच हा ब्रोकर. सही कोणाची चालते, हेही ठरलेले आहे: ब्रोकरच्या माणसांना कस्टम्स खाते ओळखपत्रे देते, त्यांपैकी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना मिळणारे एफ किंवा जी कार्ड असलेल्यालाच घोषणापत्रावर सही करता येते, मदतनिसाच्या एच कार्डवाल्याला नाही.

नवी मुंबईच्या या ब्रोकर फर्मने पहिल्याच दिवशी आमच्या लेटरहेडवर अधिकारपत्र मागितले, आयईसी (आयात-निर्यातदाराचा संकेतांक) आणि जीएसटी क्रमांक तपासले आणि आमचे काम पाहणाऱ्या माणसाचे जी कार्ड न मागता दाखवले. बिल ऑफ एन्ट्री भरण्याआधी तिचा मसुदा, म्हणजे चेकलिस्ट, मंजुरीसाठी आली. तिच्यात आम्ही एकाच ओळीत 'मशीनचे भाग' म्हणून लिहिलेल्या मालाचे दोन भाग पाडलेले होते: विणाई यंत्राचे भाग कस्टम्सच्या वर्गीकरणातील 8448 या क्रमांकाखाली आणि दाणे वितळवून पट्टी काढणाऱ्या यंत्राचा स्क्रू 8477 खाली. त्यासाठी त्यांनी स्क्रूचे फोटो मागवून घेतले आणि तो कोणत्या यंत्रात बसतो हे फोनवर विचारले. एवढी चौकशी आमच्याकडे पूर्वी कोणी केली नव्हती, आणि ती हवीच होती. कारण घोषणा ब्रोकरने भरली तरी कलम 147 प्रमाणे ती मालाच्या मालकाच्या माहितीने व संमतीने झाली असेच धरले जाते, तसे नव्हते हे सिद्ध करायची वेळ येते ती मालकावरच.

वेळेच्या बाबतीतही ते पक्के आहेत. जहाज बंदराला लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री भरले नाही, तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि पुढे रोज 10,000 रुपये विलंब आकार लागतो. तिन्ही खेपांना आम्हाला तो एकदाही भरावा लागला नाही.

उणे एवढेच की त्यांची फी वाहतूकदाराच्या दरापेक्षा बरीच जास्त आहे आणि अंतिम बिलात 'इतर खर्च' असा एक ठोक आकडा असतो. त्याच्या पावत्या आम्ही दोनदा मागितल्या; दुसऱ्या खेपेपासून त्या बिलासोबतच येऊ लागल्या आहेत. चौथा कंटेनरही आम्ही त्यांच्याकडेच देणार आहोत.