ट्विस्टेड मेटल २ : टॉवर पाडा आणि छपरावर चढा

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे, गेमवर लिहिणं हा काय आपला धंदा नव्हे. पण १९९८ साली राजारामपुरीतल्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तासाला १५ रुपये मोजून ट्विस्टेड मेटल २, म्हणजे गाड्यांवरून मिसाईल सोडून एकमेकांना उडवायचा गेम, खेळलोय, तेवढा हक्क आहे. मूळ गेम १९९६ चा, सिंगलट्रॅक कंपनीनं केलेला. २०२३ मध्ये सोनीनं तो प्लेस्टेशन ४ आणि ५ वर आणला. परवा पुतण्यानं लावून दिला.

पहिला भाग सगळा लॉस एंजेलिसमध्येच होता. इथं मॉस्को, पॅरिस, अंटार्क्टिका, शेवटी हाँगकाँग. कॅलिप्सो नावाचा एक माणूस स्पर्धा भरवतो, जिंकणाऱ्याला मागेल ते देतो आणि देताना शब्द असा पकडतो की मागणाऱ्याची वाट लागते. कथा एवढीच. खरी मजा जागेची आहे. मॉस्को म्हणजे सरळ आपलं कुस्तीचं खासबाग मैदान : गोल खड्डा, लपायला आडोसा नाही, उतरला की भिडायचंच. पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या टोकाला स्फोट करायचा. टॉवर कोसळतो आणि छपरांवर जायला वाट तयार होते. पार्लरमध्ये हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मागं उभी असलेली पोरंसुद्धा ओरडली होती.

मी कायम स्पेक्टर नावाची गाडी घेतो. तिचं खास मिसाईल भिंतीतून आरपार जातं, त्यामुळं इमारतीमागं दडलेल्याला गाठता येतं. पुतण्या ॲक्सल घेतो, दोन अगडबंब चाकांच्या मधोमध बांधलेला माणूस. हे डिझाईन ज्याच्या डोक्यातून आलं त्याला एकदा आमच्या वर्कशॉपात चहाला बोलवायला पाहिजे.

आता कुरकुर. गाड्यांना वजन नाही, वळताना चाकं रस्त्यावर आहेत असं वाटतच नाही. हॉलंडचं मोकळं शेत मला कधीच आवडलं नाही, चौफेर मार बसतो. चित्रं आजच्या पोरांना ओबडधोबड वाटणार, वाटू देत.

एक सांगायचं राहिलं. समोरच्याला गोठवायला डावं, उजवं, वर अशी बटणं पटापट दाबावी लागतात. माझं 'वर' लागेचना. वापरलेला कंट्रोलर घेतला होता, विकणारा म्हणाला, "एकदम नवा हाय, मालक." खोलून बघितलं तर रबराखाली चहाचा चिकट थर! स्पिरिटचा बोळा फिरवला, वाळवलं, पुन्हा स्क्रू आवळले. मग मात्र पहिल्याच दणक्यात समोरचा बर्फ झाला, आणि मी थेट त्याच्या अंगावर गाडी घातली.

दोघांनी मिळून खेळायची सोय आहे, पडदा अर्धा-अर्धा होतो. एकट्यानं खेळणार असाल तर घेऊ नका म्हणेन मी. शेजारी कोणी बोंब मारणारा पाहिजे. नव्या आवृत्तीत खेळ मागं फिरवायचीही सोय दिलीय. अंटार्क्टिकात बर्फाचा तुकडा तुटला आणि पुतण्या खाली गेला, लगेच बोट रिवाइंडकडं.

"हात काढ," म्हटलं.

"काका, एकदाच की!"

"पार्लरमध्ये होतं काय असलं? पडलास ना? पडलास."