जुन्या टूरिंग मोटारसायकलचे ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी २०१८ सालची, ४०० सीसी गटातील, एका सिलिंडरची लिक्विड कूल्ड टूरिंग मोटारसायकल सेकंड हँड घेतली. तेव्हा मीटरवर ४१,२०० किलोमीटर होते. आज, जुलैच्या मध्यावर, ४८,९०० आहेत. या काळात गाडी नाशिकहून सापुताऱ्याला, भंडारदऱ्याला, वणीच्या गडावर आणि कसारा घाट उतरून मुंबईला अनेकदा जाऊन आली. इंजिनाची ताकद, सीट आणि मायलेज यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी येथे फक्त गाडीतील ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आणि ब्रेक ऑइल यांच्याविषयी लिहीत आहे. पातळी कमी दिसली की बाटली उघडून भर घालायची, ही माझी अनेक वर्षांची सवय होती आणि या गाडीने ती मोडली.

सुरुवात इंजिन ऑइलने झाली. पातळी पाहण्याची गोल काच या गाडीत उजव्या बाजूला, क्लचच्या कव्हरवर खालच्या अंगाला आहे. साइड स्टँड डावीकडे असल्यामुळे गाडी डावीकडे कलली की ऑइलही तिकडे सरकते आणि काच रिकामी भासते. गाडी घेतल्यावर ज्या गॅरेजमध्ये पहिली सर्व्हिसिंग करून घेतली, तेथे नेमके असेच पाहून वरून ऑइल ओतले गेले. पुढच्या पाचशे किलोमीटरनंतर एअर फिल्टरच्या डब्याखालची नळी ऑइलने भरलेली आढळली आणि फिल्टरची खालची कड काळी चिकट झाली होती. ऑइल प्रमाणाबाहेर झाले की क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) त्यात घुसळत राहतो, फेस होतो आणि तो ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, वाटेने फिल्टरकडे ढकलला जातो. काचेच्या मध्यापर्यंत पातळी आणण्यासाठी मला सुमारे दोनशे मिलिलिटर ऑइल बाहेर काढावे लागले. कमी ऑइलाची भीती सगळ्यांना असते. जास्त ऑइलही इंजिनाला मानवत नाही, याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते.

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी एकच पद्धत पाळतो. इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करतो, ऑइल खाली उतरायला तीन मिनिटे देतो आणि मग माझी मुलगी हँडल धरून गाडी सरळ उभी ठेवते, तोवर मी गुडघ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात काच पाहतो. पहिल्या दोन महिन्यांत आकडे विचित्र येत होते. कारण शोधण्यासाठी गवंडी वापरतात ती पाणसळ फरशीवर ठेवली, तेव्हा आमच्या सोसायटीच्या पार्किंगला गटाराच्या दिशेने चांगलाच उतार असल्याचे दिसले. त्यानंतर जिन्याजवळची सपाट जागा खडूने आखून ठेवली आणि गाडी नेहमी तेथेच उभी करतो. पातळी दोन हजार किलोमीटरमध्ये वरच्या रेषेपासून मध्याच्या किंचित खाली येते. मुंबई महामार्गावर दीर्घकाळ वेगाने गेल्यास ती थोडी अधिक उतरते. या वयाच्या इंजिनासाठी मला हे चिंतेचे वाटत नाही, कारण घट एकसारखी आहे. ऑइल घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटारसायकलच्या ऑइलचे जपानी मानक) अशी खूण पाहूनच घ्यावे. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि घर्षण कमी करणारे घटक मिसळलेले कारचे ऑइल घातल्यास तो घसरू लागतो.

कूलंटने मला सर्वाधिक शिकवले. जानेवारीत गाडीतल्या कूलंटच्या राखीव बाटलीतील पातळी दर पंधरवड्याला बोटभर उतरू लागली. मी दोनदा भर घातली आणि तिसऱ्यांदा सातपूरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. माझ्या हातातली नव्या कूलंटची बाटली पाहून ते म्हणाले, “साहेब, कमी झालं ते नंतर भरू. आधी गेलं कुठं ते बघू.” त्यांनी टॉर्च घेऊन वॉटर पंपाजवळचा होज पाइप दाखवला. क्लिपच्या कडेला हिरवट पांढरी पापडी धरलेली होती, नखाने खरवडली की भुगा होत असे. गळती इतकी बारीक होती की गरम इंजिनावर थेंब खाली पडण्याआधीच वाळून जाई, त्यामुळे जमिनीवर डाग कधीच दिसला नाही. पाइपाचे टोक कडक झाले होते. पाइप आणि क्लिप दोन्ही बदलल्यापासून पाच महिन्यांत बाटलीतील पातळी रेषेवरून हललेली नाही. मी भर घालतच राहिलो असतो, तर एप्रिलमध्ये चाळीस अंशांच्या उन्हात नाशिकच्या द्वारका चौकातील वाहतुकीत तो पाइप सुटला असता, अशी माझी खात्री आहे.

येथे दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. बाटलीतील पातळी इंजिन पूर्ण थंड असतानाच पाहावी, कारण गरम झालेले कूलंट प्रसरण पावून बाटलीत येते आणि पातळी फसवी दिसते. शिवाय बाटली भरलेली आहे म्हणजे रेडिएटरही भरलेला आहे, असे समजू नये. रेडिएटरच्या झाकणातील झडप खराब झाली, तर थंड होताना कूलंट परत ओढले जात नाही; बाटली भरलेली राहते आणि रेडिएटर आतून रिता होत जातो. म्हणून महिन्यातून एकदा, सकाळी इंजिन गार असताना, मी झाकण उघडून आत पाहतो. गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नये. आतली यंत्रणा प्रेशर कुकरसारखी दाबाखाली असते आणि उसळलेले कूलंट थेट चेहऱ्यावर येते. बोअरचे पाणी घालण्याचा मोहही टाळावा, कारण त्यातील क्षारांनी रेडिएटरच्या अरुंद नळ्या तुंबतात. तयार मिश्रण किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे निम्मे, एवढेच मी वापरतो. सांडलेले कूलंट लगेच धुऊन टाकावे. ते विषारी असते आणि गोड चवीमुळे कुत्री ते चाटतात.

ब्रेक ऑइलचा धडा मार्चमध्ये मिळाला. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना, मागे पत्नी आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा असताना, मागच्या ब्रेकचा पेडल अर्ध्या घाटात अचानक मऊ झाला आणि पाय नेहमीपेक्षा बराच खाली जाऊ लागला. गियर खाली टाकून, इंजिनाच्या जोरावर वेग आवरत, कडेला थांबलो. वीस मिनिटांनी पेडल पुन्हा पूर्ववत झाला. घरी येऊन ब्रेक ऑइलची डबी पाहिली तर पातळी दोन्ही रेषांच्या मधोमध होती, पण रंग कडक चहासारखा झाला होता. चूक माझी होती, कारण पाच महिने मी फक्त पातळी पाहत आलो होतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रकाराचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. सततच्या ब्रेकने कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापले की आत वाफ धरते, आणि वाफ दाबली जात असल्याने पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचत नाही. त्र्यंबक, इगतपुरीच्या पावसात वर्षानुवर्षे भिजलेल्या गाडीत हे होणे स्वाभाविक आहे. दोन्ही ब्रेकचे ऑइल बदलून हवा काढून घेतली आणि त्यानंतर तोच घाट तेवढ्याच ओझ्यासह दोनदा उतरलो. पेडल घट्ट राहिला. आता दर दोन वर्षांनी ते बदलायचेच, पातळी कशीही असो.

ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरणे ही बहुतेक वेळा गळती नसते. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि ती जागा ऑइल भरून काढते. अशा वेळी भर घातली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की डबी ओसंडते आणि टाकीचा रंग उडतो. त्यामुळे पातळी उतरली की मी आधी पॅडची जाडी पाहतो. उघडून ठेवलेली जुनी बाटलीही वापरत नाही.

बॅटरी बंद प्रकारची असल्याने तिच्यात पाणी घालण्याचा प्रश्न येत नाही. पुढच्या शॉकअपच्या ऑइलला मात्र पाहण्याची काच नसते. तेथे नळीवरचा ऑइलचा ओला गोल पट्टा हीच एकमेव खूण. परवा घोटीहून परतल्यावर उजव्या नळीवर तसा पट्टा दिसला. पुसून घेतला, तारीख वहीत लिहिली आणि पन्नास किलोमीटरनंतर पाहिले तर तो पुन्हा उमटला होता. येत्या शनिवारी दोन्ही बाजूंचे सील आणि ऑइल बदलण्यासाठी गाडी सातपूरला त्याच मिस्त्रींकडे सोडणार आहे.