नऊ नगांची कंपास पेटी: बाकी ठीक, कंपासच कच्चा

शाळा सुरू व्हायच्या दिवसांत म्हापशापासून मडगावपर्यंत वह्या-पुस्तकांच्या प्रत्येक दुकानात पत्र्याच्या कंपास पेट्यांची चळत लागते. त्यातल्या सर्वात खपणाऱ्या, नऊ नगांच्या पेटीबद्दल हे लिहितोय. आत कंपास, कर्कटक, दोन गुण्ये, कोनमापक, १५ सेंमीची पट्टी, पेन्सिल, खोडरबर आणि शार्पनर. (हायस्कूलला गणित इंग्रजीतून, त्यामुळे मुलं कर्कटकाला डिव्हायडर आणि गुण्याला सेट स्क्वेअरच म्हणणार. दुकानात तसंच मागा.) आठवी ते दहावीच्या कामाला पेटी पुरते. पण ज्याच्या नावाने ती विकली जाते तो कंपासच तिच्यातला सर्वात कच्चा नग आहे.

दोष सांध्यात आहे. दोन पाय रिव्हेटने जोडलेत, त्यामुळे सैल झाले की घट्ट करायची सोय नाही. किती सैल आहेत ते पाहायला ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि तेच अंतर परिघावर सहा वेळा टाका. सहावी खूण पहिल्या बिंदूवर पडली पाहिजे. वर्तुळ काढून झाल्यावर पाय फक्त अर्धा मिमी फाकले असले, तरी शेवटची खूण साडेतीन मिमी पुढे जाते, कारण दर पावलाला कोन ६० अंशांऐवजी जवळजवळ ६०.७ अंश होतो. आता याच कंपासने कोणी ६० अंशांचा कोन काढला आणि गुण गेले, तर दोष पोराला देऊ नये. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, सांध्याला स्क्रू असलेला कंपास सुटा घ्या. दुकानातच पाय ५ सेंमी उघडून टोकं हलकेच दाबून बघा. मिटल्यावर सुई शिशापेक्षा किंचित, अर्धा मिमी, लांब हवी. पेटीतली अख्खी पेन्सिल कंपासात अडकवू नका, वरच्या वजनाने ती डोलते. बोटभर तुकडा पुरे.

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून रचनेचं प्रकरण २०२२-२३च्या छाटणीत गेलं. तरी अवजार पारखायला स्पर्शिकेची रचना उत्तम. O केंद्र, त्रिज्या ३ सेंमी, आणि P बिंदू O पासून ५ सेंमी. OP दुभागून M मिळवा, M केंद्र घेऊन २.५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. ते मूळ वर्तुळाला जिथे छेदतं ते स्पर्शबिंदू. पायथागोरसप्रमाणे स्पर्शिका बरोबर ४ सेंमी भरायला हवी. इथे बहुतेकांचं M चुकतं. दुभाजकासाठी कंपास २.६ सेंमी उघडला तर कंस एकमेकांना घसटत जातात आणि दोन छेदांत जेमतेम दीड सेंमी अंतर उरतं, त्यावर रेषा सरळ बसणार कशी? ४ सेंमी उघडा, छेद सहा सेंमीहून लांब पडतात.

गुण्ये मात्र खरे निघाले. तपासायला रेषेवर लंब काढा, गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून पुन्हा काढा. १० सेंमी उंचीवर दोन रेषांत साडेतीन मिमी फट दिसली तर काटकोन एका अंशाने चुकलेला, कारण पालथा केल्यावर चूक दुप्पट दिसते. कोनमापक ठीक, फक्त त्याची शून्य रेषा खालच्या कडेवर नसून थोडी वर आहे. कड रेषेला लावणारी मुलं वर्गागणिक सापडतील. पट्टीबद्दल तक्रार नाही.

बीजगणितात पेटीचा कस आलेखावर लागतो. x + 2y = 8 आणि 2x + 3y = 13 घ्या. पहिलीसाठी (0, 4), (4, 2), (8, 0), दुसरीसाठी (−1, 5), (2, 3), (5, 1). उत्तर (2, 3). या रेषांमधला कोन जेमतेम ७ अंशांचा, म्हणून एक रेषा अर्धा मिमी सरकली तर छेदनबिंदू ४ मिमी सरकतो. १ सेंमीला १ एकक धरलं असेल तर x चं उत्तर २ ऐवजी २.३ वाचलं जाईल. पेटीतली पेन्सिल मऊ, तिची रेषा लगेच जाड होते. आलेखाला एचची किंवा २एचची पेन्सिल वेगळी ठेवा, बिंदू दूरदूरचे घ्या, आणि तिसरा बिंदू रेषेवर बसला नाही तर रेषा नव्हे, आकडेमोड तपासा.

राहिला पाऊस. आपल्या दमट हवेत झाकणाच्या बिजागरीजवळचा रंग उडाला की पत्रा गंजतो, आणि पेन्सिल धरणाऱ्या कड्याचा स्क्रूही अडकतो. त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकून पुसून घ्या. खोबरेल लावू नका, ते चिकटतं आणि कागदावर डाग पडतो.