गुगल कॅलेंडरचे रिमाइंडर : यंत्रणा भक्कम, मूळ मांडणी अपुरी

गुगल कॅलेंडर एप्रिल २००६ मध्ये चाचणी स्वरूपात आले आणि २००९ मध्ये त्याच्यावरचा ‘बीटा’ हा शिक्का निघाला. तेव्हापासून त्याचे रंगरूप अनेकदा पालटले आणि सोयीही वाढत गेल्या. परंतु बहुतेक लोक ते फोनवर ठेवतात ते एकाच कारणासाठी, ते म्हणजे वेळेआधी आठवण मिळावी म्हणून. हे परीक्षण त्या रिमाइंडरच्या सोयीपुरतेच आहे. माझे मत असे की, सांगितलेल्या वेळी सूचना पोहोचवण्याचे काम हे ॲप चोख करते; मात्र कोणत्या कामाची आठवण किती आधी हवी, हा प्रश्न ते वापरणाऱ्याला विचारतच नाही, आणि म्हणून मूळ सेटिंगवर सोडलेले कॅलेंडर बऱ्याचदा वाजते खरे, पण उपयोगी पडत नाही.

मूळ सेटिंगनुसार वेळ ठरलेल्या प्रत्येक नोंदीच्या ३० मिनिटे आधी एक सूचना येते. (मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक कॅलेंडरमध्ये हाच आकडा १५ मिनिटांचा आहे.) आता तीन नोंदी घेऊ. ऑनलाइन बैठकीसाठी ३० मिनिटे फार होतात : सूचना वाचली जाते, बाजूला सारली जाते, आपण पुन्हा हातातल्या कामात गुंततो आणि बैठक सुरू होऊन पाच मिनिटे झाल्यावर कुणाचा तरी निरोप येतो. डॉक्टरांकडे जायचे असेल तर त्याच ३० मिनिटांत कपडे बदलणे, जुने रिपोर्ट शोधणे आणि प्रवास हे सगळे बसत नाही. विम्याचा हप्ता भरण्याची मुदत असेल तर अर्धा तास आधीची सूचना असून नसल्यासारखीच, कारण खात्यात पुरेसे पैसे आहेत की नाहीत हे पाहायला तेव्हा उशीर झालेला असतो. एकच आकडा तिन्ही कामांना पुरत नाही, आणि यात दोष सूचनेचा नसून मूळ मांडणीचा आहे.

यावरचा उपाय ॲपमध्येच आहे, पण तो सहज नजरेस पडत नाही. एकाच खात्यात आपल्याला अनेक कॅलेंडरे तयार करता येतात, आणि प्रत्येक कॅलेंडरला रिमाइंडरचा आपापला नियम लावता येतो; तोही वेळ ठरलेल्या नोंदींसाठी वेगळा आणि दिवसभराच्या नोंदींसाठी वेगळा. नवे कॅलेंडर संगणकावरच्या ब्राउझरमधून तयार करणे सोयीचे पडते. त्यानंतर सेटिंगमध्ये त्या कॅलेंडरच्या नावावर गेले की सूचनांचे नियम तेथेच बदलता येतात. बहुतेकांना तीन कॅलेंडरे पुरावीत. ‘बैठका’ या कॅलेंडरला १० मिनिटे आधीची एकच सूचना ठेवावी. ‘बाहेरची कामे’ याला आदल्या दिवशीची एक आणि दोन तास आधीची एक, अशा दोन ठेवाव्यात. ‘मुदती’ या कॅलेंडरमध्ये सगळ्या नोंदी दिवसभराच्या कराव्यात आणि त्यांना आठवडाभर आधी, आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी, प्रत्येक वेळी सकाळी ९ वाजता सूचना लावावी. एकदा हे केले की नवी नोंद करताना योग्य कॅलेंडर निवडणे एवढेच काम उरते. प्रत्येक वेळी मिनिटांचा हिशेब करत बसावे लागत नाही. मला या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो, आणि नव्या वापरकर्त्याला तो कोणी दाखवत नाही, याचे नवलही वाटते.

नियम लावताना हात आखडता ठेवलेला बरा. एका नोंदीला पाचपर्यंत सूचना लावता येतात, म्हणून पाचही लावाव्यात असे नाही. दिवसभरात वीस वेळा वाजणाऱ्या फोनकडे माणूस ‘लांडगा आला रे आला’ ऐकून कंटाळलेल्या गावकऱ्यांसारखाच पाहू लागतो, आणि मग नेमकी महत्त्वाची सूचनाही न वाचताच बाजूला सारली जाते. सूचना आल्यावर त्या क्षणी आपण काही करू शकतो का, ही कसोटी लावली तर निम्म्या सूचना आपोआप गळतात.

आता एक मर्यादा, जी बऱ्याच जणांच्या ध्यानात ऐनवेळी येते. गुगल कॅलेंडरमध्ये सूचना जास्तीत जास्त चार आठवडे आधीची लावता येते, त्यापलीकडे नाही. पासपोर्टचेच पाहा. अनेक देश प्रवेश देताना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी अशी अट घालतात. म्हणजे मुदत संपण्याच्या तारखेला नोंद करून तिला सर्वांत आधीची सूचना लावली, तरी ती येईपर्यंत परदेश प्रवासाच्या दृष्टीने तो पासपोर्ट केव्हाच बाद झालेला असू शकतो. अशा वेळी मुदत संपण्याच्या तारखेची नोंद पुरत नाही; काम सुरू करण्याच्या तारखेची स्वतंत्र नोंद करावी लागते. मुदतीच्या नऊ महिने आधीच्या एखाद्या दिवशी ‘पासपोर्ट नूतनीकरणाचा अर्ज भरणे’ अशी नोंद करावी आणि खालच्या वर्णनात पासपोर्टची मुदत संपण्याची तारीख व लागणाऱ्या कागदांची यादी लिहून ठेवावी. वाहन परवाना, भाडेकरार, वॉरंटी या सगळ्यांना हीच पद्धत लागू पडते.

नोंदीचे शीर्षक हा वरवर किरकोळ वाटणारा, पण परिणामकारक भाग आहे. फोनच्या कुलूपबंद पडद्यावर शीर्षकाचे सुरुवातीचे काही शब्दच दिसतात. तेथे नुसते ‘विमा’ असे दिसले तर काय करायचे आहे हे आठवण्यासाठी पुन्हा ॲप उघडावे लागते, आणि तेवढ्या आळसापायी काम मागे पडते. ‘हप्ता भरणे – गाडीचा विमा’ असे लिहिले, म्हणजे क्रिया आधी आणि तपशील नंतर, तर सूचना वाचताच पुढचे पाऊल कळते. पॉलिसी क्रमांक, पैसे भरण्याची लिंक, संपर्क क्रमांक हे वर्णनाच्या रकान्यात टाकावे. सूचनेवर बोट ठेवले की ते समोर येते.

पुन्हापुन्हा येणाऱ्या नोंदींबाबत एक खाचखळगा आहे. दर महिन्याच्या ३१ तारखेला येणारी नोंद केली तर ती वर्षातून सातच वेळा येते, कारण ज्या महिन्यांत ३१ तारीख नाही ते महिने सरळ गाळले जातात. ही काही चूक नव्हे. कॅलेंडरची माहिती एका सेवेतून दुसरीकडे नेता यावी म्हणून जे आंतरराष्ट्रीय मानक २००९ मध्ये आरएफसी ५५४५ या नावाने निघाले, त्यातच असा नियम आहे की अस्तित्वात नसलेली तारीख मोजायची नाही. नियम तर्काला धरून असला, तरी महिनाअखेरीचे काम लक्षात ठेवण्यासाठी नोंद करणाऱ्याच्या तो कामाचा नाही. त्याने २८ तारीख निवडावी, म्हणजे फेब्रुवारीही सुटत नाही.

ॲपने सूचना पाठवली तरी ती दाखवायची की नाही हे शेवटी फोन ठरवतो, आणि पुष्कळ तक्रारींचे मूळ येथेच असते. अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, नव्या ॲपला सूचना दाखवण्याची परवानगी वेगळी मागावी लागते. घाईत ‘नको’ म्हटले गेले की कॅलेंडर गप्प. बॅटरी वाचवण्याच्या कडक सेटिंगमुळेही सूचना उशिरा येऊ शकतात, म्हणून कॅलेंडरला त्या बंधनातून वगळावे. आयफोनवर २०२१ मध्ये फोकस ही सोय आली. ती चालू असताना कोणत्या ॲपला बोलू द्यायचे याची यादी आपणच ठरवायची असते आणि त्यात कॅलेंडर आहे का हे एकदा पाहून घ्यावे. संगणकावर काम करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ब्राउझरमधले कॅलेंडरचे पान बंद असेल, तर तेथे सूचना उमटत नाही. एसएमएसने आठवण पाठवण्याची जुनी सोय गुगलने २०१९ च्या आरंभी बंद केली, त्यामुळे ज्यांचा फोन बराच वेळ इंटरनेटविना असतो त्यांचा आधार गेला. ईमेलने सूचना मात्र अजून मिळते, आणि दिवसभराच्या कार्यक्रमाची यादी रोज पहाटे पाचला ईमेलने मागवता येते. मुदतींसाठी हा मार्ग मला फोनच्या सूचनेपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो, कारण ईमेल बोटाच्या एका फटक्याने नाहीसा होत नाही. पहाटेची गाडी किंवा विमान असेल, तर कॅलेंडरवर विसंबू नये. तेथे घड्याळाचा गजरच लावावा. कॅलेंडरची सूचना झोपेतून उठवण्यासाठी केलेली नाही.

आयफोनवरच्या ॲपलच्या कॅलेंडरशी तुलना केली, तर तेथे वाढदिवस, सामान्य नोंदी आणि दिवसभराच्या नोंदी यांना तीन वेगळे नियम सुरुवातीलाच लावता येतात, आणि ठिकाणाचा पत्ता दिला असेल तर वाहतुकीचा अंदाज घेऊन निघण्याची वेळही सांगितली जाते. बाहेरच्या भेटी जास्त असणाऱ्यांना ती सोय नक्कीच आवडेल. मात्र एकाच फोनवर दोन्ही ॲप ठेवून दोन्हीकडे तेच खाते जोडले, तर प्रत्येक सूचना दोनदा येते. एकाच्या सूचना बंद केलेल्या बऱ्या.

सामायिक कॅलेंडराबाबत मोठा गैरसमज आहे. आपण नोंदीला लावलेले रिमाइंडर आपल्यापुरतेच असतात. घरातल्यांसाठी किंवा सहकाऱ्यांसाठी सामायिक केलेल्या कॅलेंडरमध्ये आपण नोंद टाकली आणि सूचना लावली, म्हणून समोरच्याचा फोन वाजेल असे नाही. त्याने त्या कॅलेंडरला स्वतःच्या खात्यातून सूचना लावलेली असावी लागते. ‘मी तर टाकले होते’ आणि ‘मला तर आलेच नाही’ असे दोघेही खरे बोलत असतात.

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. कॅलेंडरमधल्या नोंदीला ‘झाले’ अशी अवस्थाच नाही. सूचना आली, आपण ती सारली, तारीख उलटली की हप्ता भरला किंवा न भरला तरी नोंद सारखीच दिसते. पूर्वी यासाठी ‘रिमाइंडर’ हा वेगळा प्रकार होता. २०२३ मध्ये गुगलने तो गुंडाळून त्याची जबाबदारी गुगल टास्क या कामांची यादी ठेवणाऱ्या सेवेकडे सोपवली. टास्कवर खूण करता येते, आणि राहून गेलेले काम नंतर प्रलंबित म्हणून समोर येत राहते, हे उत्तम. परंतु टास्कची सूचना ठरवलेल्या वेळीच येते; तिला आठवडाभर आधीची, आदल्या दिवशीची अशी उतरंड लावता येत नाही. म्हणजे आधी सावध करणारी सोय एका प्रकारात, पाठपुरावा करणारी दुसऱ्या प्रकारात, आणि दोन्ही लागतात अशा कामाला एकही प्रकार पुरेसा नाही. इतक्या वर्षांच्या सेवेत ही दरी राहावी, हे समर्थनीय नाही. तूर्त कर भरण्यासारख्या, चुकल्यास दंड पडणाऱ्या कामांसाठी ‘मुदती’ कॅलेंडरमध्ये नोंद आणि त्याच शीर्षकाचे मुदतीच्या तीन दिवस आधीचे टास्क, अशी दुहेरी मांडणी करावी लागते. काम झाले की टास्कवर खूण करून नोंदही काढून टाकावी, नाहीतर उरलेल्या सूचना विनाकारण येत राहतात.