पाच वर्षांच्या मुलीच्या हातातला कॅमेरा

लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांची परीक्षणे वाचताना एक गोष्ट खटकते. ती बहुधा मोठ्या माणसांच्या अपेक्षा समोर ठेवून लिहिलेली असतात. फोटो किती स्पष्ट येतो, मेगापिक्सेल किती आहेत, हातातून पडला तर टिकेल का, एवढ्यावर निकाल दिला जातो. पण मूल त्या कॅमेऱ्याने कशाचे फोटो काढते आणि ते काढताना कॅमेरा त्याला साथ देतो की आडवा येतो, हे क्वचितच तपासले जाते. आमच्या घरातल्या पाच वर्षांच्या मुलीला असा एक कॅमेरा दिला, तो केवळ खेळणे म्हणून नव्हे, तर तिला घर, माणसे आणि वस्तू कशा दिसतात ते आम्हालाही पाहता यावे म्हणून. त्यामुळे येथे त्याचे मोजमापही त्याच हेतूने केले आहे.

कॅमेऱ्याचे नाव सांगण्यात फारसा अर्थ नाही, कारण गोल कोपऱ्यांचा, सिलिकॉनच्या आवरणातला, मागच्या बाजूला दोन इंची पडदा आणि पुढे-मागे एकेक भिंग असलेला हा साचा अनेक नावांनी मिळतो आणि त्याची आतली रचना बहुतेक वेळा सारखीच असते. जमेच्या बाजूला सांगायचे तर तो हलका आहे, लहान हातांत नीट बसतो, आणि फोटो काढण्याचे बटण एवढे ठसठशीत आहे की ते कोणते, हे मुलीला सांगावे लागले नाही. तो अनेकदा पडला. सिलिकॉनने आपले काम चोख केले. भिंगावरच्या प्लॅस्टिकच्या काचेवर मात्र बोटांचे ठसे सतत उमटतात आणि उजेडाकडे तोंड करून काढलेला प्रत्येक फोटो दुधाळ होतो. ती काच रोज मऊ कापडाने पुसणे हे मोठ्यांचे काम समजावे.

खोक्यावर छापलेल्या मेगापिक्सेलच्या आकड्याकडे दुर्लक्षच करावे. या वर्गातल्या अनेक कॅमेऱ्यांतला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, एकदोन मेगापिक्सेलचाच असतो आणि चित्राचे उरलेले ठिपके (पिक्सेल) आजूबाजूच्या ठिपक्यांवरून हिशेब करून भरले जातात. त्याने फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही. पण हा दोष आमच्या हेतूच्या दृष्टीने किरकोळ आहे. मुलाचा फोटो भिंतीएवढा छापायचा नसतो.

खरा दोष फोकसचा आहे. या कॅमेऱ्यांचे फोकस कायमचे एका अंतरावर बसवलेले असते, म्हणजे साधारण अर्ध्या-पाऊण मीटरच्या पलीकडचे सगळे ठीक दिसते आणि अलीकडचे सगळे धूसर. मोठ्या माणसाला ही मर्यादा जाणवतही नाही, कारण तो चारचौघांना उभे करून दोन पावले मागे सरकतो. मूल मात्र पुढे सरकते. त्याला जे आवडते ते हाताच्या अंतरावर असते आणि अनेकदा नाकाच्या अंतरावर: मुंगी, शर्टाचे बटण, नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब, कुणाच्या तरी हातावरची शीर. आमच्या मुलीने मोठ्या हौसेने काढलेले असे फोटो एकजात धूसर निघाले आणि तिला मुळीच रस नसलेली पलीकडची भिंत मात्र त्यांत स्वच्छ उमटली. मुलाची नजर टिपावी म्हणून विकत घेतलेले यंत्र, ती नजर जिथे सर्वांत जास्त रमते नेमके तिथेच अपुरे पडते, हा माझ्या मते या सगळ्या वर्गाचा मूळ दोष आहे.

मुलांसाठीचा कॅमेरा म्हणजे ठरीव फोकसचा कॅमेरा, ही परंपरा जुनी आहे. कोडॅकने 1900 मध्ये मुलांना डोळ्यांसमोर ठेवून बाजारात आणलेला ब्राउनी हा पुठ्ठ्याचा चौकोनी कॅमेराही एका साध्या भिंगाचाच होता. त्याला जुळवाजुळव लागत नसे आणि सुरुवातीच्या नमुन्यावर तर नेम धरण्यासाठी खोक्याच्या वरच्या बाजूला केवळ रेषा आखलेल्या होत्या. त्या काळी फोटोग्राफी मुलाच्या आवाक्यात आणण्याचा तो चांगला मार्ग होता. आज मात्र मध्यम प्रतीच्या मोबाइललाही जवळचे फोकस जमते, त्यामुळे ही सबब उरलेली नाही.

दुसरा दोष बटण दाबल्यानंतरच्या विलंबाचा. बटण दाबले की फोटो लगेच टिपला जात नाही. क्षणभर उशीर होतो. मुलाला तो कळत नाही. ते बटण दाबते, त्याच्या लेखी काम झालेले असते, आणि ते कॅमेरा खाली घेते. फोटो निघतो तो खाली येणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिलेल्या फरशीचा, स्वतःच्या पायांचा किंवा तिरक्या दाराचा. हे नीट लक्षात ठेवायला हवे, कारण असे फोटो पाहून ‘मुलांना जग असे दिसते तर’ म्हणून भारावून जाण्याचा मोह मोठा असतो. आम्हीही सुरुवातीच्या फोटोंमधली फरशी कौतुकाने पाहत होतो. नंतर मुलीशेजारी बसून ती फोटो काढताना पाहिले, तेव्हा कळले की तिला खिडकीतला कावळा हवा होता. त्या फोटोंत मुलीची नजर कमी आणि यंत्राचा आळस जास्त होता.

हे दोन दोष वजा केल्यावर जे उरले ते मात्र मोलाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार पाच वर्षांच्या मुलाची किंवा मुलीची मध्यम उंची सुमारे 110 सेंटिमीटर असते, म्हणजे डोळे जमिनीपासून साधारण एका मीटरवर येतात. हा आकडा वाचून विशेष काही वाटत नाही, पण त्या उंचीवरून काढलेल्या फोटोंत मोठ्या माणसांचे चेहरे फार थोडे येतात, आले तर हनुवटी आणि नाकपुड्यांच्या बाजूने आणि मागे दिवा असल्यामुळे काळवंडलेले. जास्त येतात ते कोपर, हातातल्या पिशव्या, दाराच्या कड्या आणि टेबलांच्या कडा. एका फोटोत जेवणाच्या टेबलाची खालची बाजू होती. फळीला रंग न दिलेला, एक स्क्रू तिरका बसलेला आणि सुताराने पेन्सिलीने घातलेला आकडा अजून तसाच. ते टेबल आम्ही वर्षानुवर्षे वापरत आहोत आणि तो आकडा घरातल्या एकाही मोठ्या माणसाने पाहिलेला नव्हता.

दाराशी काढून ठेवलेल्या बुटांचे फोटोही पुन्हा पुन्हा येत. तेच बूट, तीच जागा. आम्हाला वाटले, बटणाचा चाळा चालला आहे. विचारल्यावर उत्तर मिळाले, “बूट आहेत म्हणजे आजोबा घरी आहेत.” म्हणूनच फोटो मुलाबरोबर बसून पाहणे हे कॅमेऱ्याइतकेच आवश्यक आहे, नाहीतर आपण आपलाच अर्थ त्यावर चिकटवून मोकळे होतो. हे पाहणे मोठ्या पडद्यावर व्हावे, कारण कॅमेऱ्याच्या दोन इंची पडद्यावर बूट आणि आजोबा दोघेही सारखेच अस्पष्ट दिसतात. धूसर फोटो परस्पर पुसून टाकू नयेत, हेही ओघानेच आले.

मुलाने काढलेल्या फोटोंकडे गंभीरपणे पाहणे ही काही नवी टूम नाही. 1894 मध्ये जन्मलेल्या जॅक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराने अगदी लहान वयात वडिलांकडून कॅमेरा मिळाल्यावर आपल्या खोलीतल्या खेळण्यातल्या मोटारींचे फोटो कॅमेरा जमिनीलगत ठेवून काढले होते आणि आज ते फोटोग्राफीच्या इतिहासाचा भाग आहेत. अमेरिकेत वेंडी इवाल्ड यांनी 1970 च्या दशकापासून केंटकीच्या डोंगराळ भागातल्या शाळकरी मुलांच्या हाती कॅमेरे दिले आणि त्यांना आपले घर, आपली माणसे, आपली स्वप्ने टिपायला सांगितले. ही मुले आमच्या मुलीपेक्षा काही वर्षांनी मोठी होती, तरी मुलाला नुसता विषय न मानता त्याच्याकडे कॅमेरा सोपवायचा, ही मूळ भूमिका तीच.

पर्याय म्हणून त्याच मुलीच्या हाती घरात पडून असलेला, आपोआप फोकस करणारा जुना लहान डिजिटल कॅमेरा देऊन पाहिला. या कॅमेऱ्यांत फुलाचे चिन्ह असलेली जवळच्या फोटोंची सोय असते आणि तिच्यामुळे भिंग वस्तूच्या काही सेंटिमीटर जवळ नेता येते. मुंगीला एकदाचे पाय आले. विलंबही कमी झाला, पण पूर्ण गेला नाही, कारण बटण अर्धे दाबून आधी फोकस होऊ देण्याची युक्ती पाच वर्षांच्या बोटाला जमत नाही. उणिवा अशा की बटणे बारीक आहेत, चक्री चुकून फिरते, आणि बाहेर येणारे भिंग धक्क्याला व वाळूला नाजूक असते. पाण्यात आणि धक्क्यात टिकणाऱ्या, भिंग आतल्या आतच ठेवणाऱ्या बंदिस्त कॅमेऱ्यांत ही शेवटची अडचण राहत नाही. जुना मिळाला तरी चालेल, पण मुलासाठी मी अशा बंदिस्त कॅमेऱ्यालाच पहिली पसंती देईन.

लगेच छापील फोटो देणारे कॅमेरे या कामाला फारसे योग्य वाटत नाहीत. इन्स्टॅक्स मिनी या अशा कॅमेऱ्याच्या फिल्मच्या एका पाकिटात 10 फोटो असतात आणि मोजके फोटो हाती असले की मोठी माणसे लगेच ‘वाया घालवू नकोस’ म्हणू लागतात. मग मूलही मोठ्यांसारखेच सगळ्यांना ओळीने उभे करून ‘हसा’ म्हणते. बुटांचे फोटो तिथे संपतात. पावतीसारख्या उष्णता-संवेदी कागदावर काळेपांढरे फोटो छापणाऱ्या कॅमेऱ्यांत कागदाची चणचण नाही, पण ती छपाई उन्हात आणि उष्णतेत फिकी पडते.

खेळण्यातल्या कॅमेऱ्यांत भरलेले खेळ आणि सशाच्या कानांच्या चौकटी यांविषयी एवढेच म्हणेन की त्या नसलेला कॅमेरा मिळत असेल तर तोच घ्यावा. खेळ सापडले की मूल पडद्यात बघते, पडद्यातून बघत नाही. सुरक्षिततेचे म्हणाल तर फोटो साठवणारे मायक्रोएसडी कार्ड 15 मिलिमीटर लांब आणि 11 मिलिमीटर रुंद असते, म्हणजे सहज गिळता येण्याजोगे. त्याचे झाकण मुलाच्या नखाने उघडत असेल तर तीन वर्षांखालच्या भावंडांच्या घरात तो कॅमेरा नको. गळ्यातली दोरी ओढ बसताच सुटणारी हवी, नाहीतर मनगटात अडकवायची बरी. झोपलेल्या किंवा कपडे बदलणाऱ्या माणसाचे फोटो काढायचे नाहीत, हे पहिल्या दिवशीच सांगावे, आणि मुलाने काढलेले फोटो त्याला न विचारता इतरांना पाठवू नयेत, हा नियम मोठ्यांनीही स्वतःला लावून घ्यावा.

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी सिलिकॉनच्या आवरणातला कॅमेरा चालेल. त्या वयात धरणे, दाबणे आणि चित्र उमटलेले पाहणे यातच निम्मा आनंद असतो. पाच वर्षांपासून पुढे मात्र जवळचे फोकस नसलेला कॅमेरा घेऊ नये. ते ओळखायला खोक्यावरचे काही वाचावे लागत नाही. टेबलावर एक नाणे ठेवावे, वीतभर अंतरावरून त्याचा फोटो काढावा आणि तो पडद्यावर मोठा करून पाहावा. नाण्यावरची अक्षरे वाचता आली नाहीत, तर दुसरा कॅमेरा मागावा.