चिऱ्याची भिंत की स्लॅब? कोकणातल्या घरासाठी वायरचं ड्रिल मशीन निवडताना

ड्रिल मशीन घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिल्यांदा वॅट विचारतो, आणि दुकानदारही वॅटच सांगतो. पाचशे, सहाशे, साडेसातशे. आकडा मोठा तर मशीन दमदार, असा हिशोब. पण खोक्यावरचे वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं त्याचा आकडा. त्यातलं बिटच्या टोकापर्यंत किती पोचतं, ते मोटर आणि गिअर ठरवतात. कोकणात तर वॅटच्याही आधी भिंत बघायला हवी. घर जांभ्या चिऱ्याचं आहे, की कॉलम-स्लॅबचं, की खाली चिरा आणि वर स्लॅब असं मिश्र? याचं उत्तर मिळालं की निम्मी निवड झालीच.

घरच्या कामासाठी बाजारात चार प्रकार समोर येतात. पहिला, १० मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा पुढचा जबडा) छोटं मशीन, उदाहरणार्थ बॉशचं जीएसबी १० आरई: ५०० वॅट, मिनिटाला २६०० फेऱ्या. दुसरा, १३ मिमी चकचं एका गिअरचं इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देणारं: बॉश जीएसबी ६००, मकिता एचपी १६३० (७१० वॅट, ३२०० फेऱ्या) आणि याच वर्गातली स्टॅनली, डीवॉल्टची मशीनं. तिसरा, १३ मिमीचंच पण दोन गिअरचं, जसं मकिता एचपी २०५०. आणि चौथा रोटरी हॅमर, ज्याला आपल्याकडे नुसतंच ‘हॅमर मशीन’ म्हणतात, जसं बॉशचं जीबीएच २-२६.

| काम | १० मिमी | १३ मिमी, एक गिअर | १३ मिमी, दोन गिअर | रोटरी हॅमर |
|---|---|---|---|---|
| चिरा | चांगलं | चांगलं | चांगलं | गरजेपेक्षा जास्त |
| काँक्रीट | ६ मिमीपर्यंत, तेही धीराने | ८–१० मिमी, वेळ लागतो | तसंच | लोण्यात सुरी |
| लाकूड | पातळ फळी, स्क्रू | बहुतेक सगळं | मोठी भोकंही | नको |
| लोखंड | ६ मिमीपर्यंत आरामात | १० मिमीपर्यंत | १३ मिमीपर्यंत | नको |
| वजन (सुमारे) | दीड किलो | पावणेदोन ते दोन किलो | सव्वादोन ते अडीच किलो | पावणेतीन किलो |

आता चिऱ्याबद्दल, कारण बाहेरच्या कुठल्याही माहितीपत्रकात याचा उल्लेख नसतो. जांभा सच्छिद्र. खाणीतून काढताना मऊ, आणि वाऱ्या-उन्हात राहिला की वरून कडक होत जाणारा. म्हणजे जुन्या भिंतीत बिट घातलं की पहिला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर अडतं, मग आत एकदम मऊ लागतं आणि मशीनसकट माणूस पुढे जातो. मध्येच एखादी पोकळी लागली तर बिट तिकडे सरकतं. अशा दगडात ड्रिलचा हॅमर (ठोके देणारी सोय, जी बंद-चालू करता येते) चालू ठेवला तर ८ मिमीचं भोक बघता बघता १० मिमीचं होतं, कडा ढासळते आणि प्लास्टिकची गट्टी (स्क्रू धरणारी नळी) बोटाने फिरायला लागते. मग त्यात कोणी काडेपेटीच्या काड्या कोंबतं, कोणी सिमेंट भरतं.

त्यामुळे चिऱ्यात हॅमर बंद. साधं फिरतं बिट, कार्बाइड टोकाचं, आणि वेग मध्यम. बिट कार्बाइडचंच हवं, कारण जांभ्यातले लोहाचे कडक खडे लोखंडाच्या साध्या बिटची धार पाच मिनिटांत घालवतात. ८ मिमीच्या गट्टीला आधी ७ मिमीचं भोक पाडा आणि गट्टी हातोडीने ठोकून बसवा. गट्टी लांब घ्या, साठ मिमी किंवा त्याहून जास्त, म्हणजे भोकाची तोंडाशी ढासळलेली बाजू सोडूनही तिला आत पकड मिळते. जुने सुतार लाकडाची गट्टी तासून ठोकायचे. जड फळीसाठी मला अजूनही तीच जास्त भरवशाची वाटते. भोक चिऱ्याच्या मध्यावर घ्या. सांध्यात चुना किंवा माती असते, तिथे काहीच धरत नाही. गिलाव्याखाली सांधा दिसत नाही, पण बारीक बिटने आधी टोचून बघितलं की बाहेर येणाऱ्या भुकटीचा रंग सांगतो: तांबडी आली तर दगड, पांढरट आली तर चुना.

एवढं सगळं ५०० वॅटचं मशीनही करतं. म्हणून नुसतं चिऱ्याचं घर, कौलं किंवा पत्र्याचं छप्पर, आणि काम म्हणजे फळ्या, पडद्याच्या पट्ट्या, आरसा, नळाचे क्लॅम्प एवढंच असेल, तर १० मिमीचं छोटं मशीन पुरे. हलकं असल्यामुळे शिडीवर एका हाताने धरता येतं. तिथे १३ मिमीवर जास्त पैसे घालायचं कारण मला दिसत नाही. फक्त ट्रिगर दाबावा तसा वेग वाढणारा आणि मशीन उलटंही फिरणारं आहे ना, हे दुकानातच बघा. स्वस्तातल्या काही मशीनांना नुसतं चालू-बंद असतं. ती चिऱ्याला नकोत आणि स्क्रूला तर नकोतच.

स्लॅबचं घर असेल तर गणित बदलतं. पंख्याचा हूक, टाकीचा स्टँड, गणपतीच्या माटवीसाठी छताला चार हूक, कॉलमला शेडचे फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट): हे सगळं काँक्रीट. इथे ‘इम्पॅक्ट’ आणि ‘रोटरी हॅमर’ या दोघांतला फरक समजून घेतला तर पैसे वाचतात. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातांच्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. दात दातावर चढतो आणि उतरतो, तोच ठोका. एचपी १६३० च्या कागदावर मिनिटाला ४८,००० ठोके लिहिलेत. ३२०० फेऱ्यांनी भागा, म्हणजे फेरीमागे १५. आकडा दणदणीत, पण प्रत्येक ठोका अगदी बारीक, आणि त्याचा जोर तुमच्या खांद्यातून येतो. तुम्ही रेटलं नाही तर तो ठोका नाहीच. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा आतला घण पुढे फेकते. जीबीएच २-२६ मिनिटाला ४००० च ठोके देतं, पण प्रत्येक ठोका २.७ ज्यूलचा. एक किलोचं वजन वीत-सव्वा वीत उंचीवरून पडावं तितका. तुम्ही फक्त मशीन धरायचं, काम ते करतं.

म्हणून स्लॅबमध्ये वर्षाला चार-सहा भोकं असतील तर १३ मिमीच्या इम्पॅक्ट ड्रिलने भागतं. दोन मिनिटं पाडायचं, अर्धा मिनिट थांबायचं, बिट थंड करायचं. सळई लागली की दोन्ही मशीनांचा इलाज एकच, भोक बाजूला घ्या. पण पूर्ण पत्र्याची शेड बांधायची असेल, चाळीस फास्टनर १२ मिमीचे, तर इम्पॅक्ट ड्रिल घेऊन त्या कामाला भिडू नका. हॅमर मशीन दोन दिवस भाड्याने आणा किंवा फॅब्रिकेटरलाच ते काम द्या.

मग सरळ हॅमर मशीनच विकत घ्यावं, अडॅप्टर लावून लाकूडही त्यानेच करावं, असं बरेच जण म्हणतात. मी याच्या विरोधात आहे. त्याच्या चकमध्ये बिट पुढेमागे सरकायला मोकळं ठेवलेलं असतं. ठोका लागायचा तर ते लागतंच. त्यावर साधा चक चढवला की बिटचं टोक डुलतं. फणसाच्या फळीत बिजागरीचं भोक पाडताना ते डुलणं लगेच दिसतं. वजन पावणेतीन किलो, किंमत साध्या १३ मिमीच्या दुपटीहून जास्त. वर्कशॉपचं ते पहिलं मशीन होऊ शकत नाही.

लाकूड-लोखंडाचं बोलायचं तर इथे वेगाची गोष्ट येते, आणि दोन गिअरचा फायदाही इथेच. साध्या लोखंडात ६ मिमीचं बिट मिनिटाला साधारण १३०० फेऱ्यांवर चांगलं कापतं, १२ मिमीचं साडेसहाशेवर. स्टेनलेस स्टीलला याच्याही निम्मा वेग, कारण ते तापलं की जागच्या जागी कडक होतं आणि मग बिट नुसतं घासत राहतं. बंदरावर होडीची कामं करणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही, त्यांचे बरेचसे बोल्ट स्टेनलेसचे. एका गिअरचं मशीन ट्रिगर अर्धा दाबून ६५० वर आणता येतं, पण त्या वेगात त्याचा जोरही उतरतो आणि मोटरवरचा पंखा मंद फिरतो. एचपी २०५० चा पहिला गिअर ० ते १२०० फेऱ्यांचा आहे. मोटर जोरात फिरते, बिट सावकाश. ऐन, किंजळ यांसारख्या घट्ट लाकडात २५ मिमीचं ऑगर बिट घालायचं असेल, किंवा होल सॉने (गोल करवतीने) दरवाजाला कुलपाचं भोक पाडायचं असेल, तर हा फरक मनगटाला कळतो. बाजूचं हँडल लावल्याशिवाय मात्र करू नका. बिट अडकलं तर मशीन फिरतं आणि मनगटही त्याच्याबरोबर.

फायबरच्या होडीला भोक पाडताना हॅमर कधीच नाही, आणि तोंडाला मास्क हवाच.

विजेचं काय? संध्याकाळी आमच्याकडच्या बऱ्याच वाड्यांवर दाब उतरतो, दिवे पिवळे पडतात. अशा वेळी ड्रिल मंद होतं, माणूस जास्त रेटतो, मोटर तापते आणि तिला थंड करणारा पंखा त्याच दांड्यावर असल्यामुळे तोही मंद. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जळतो तो बहुधा असाच. दाब कमी असेल तेव्हा काँक्रीटचं काम पुढे ढकला, आणि जड भोकानंतर मशीन अर्धा मिनिट मोकळं फिरवा. एक्स्टेन्शनच्या वायरला लोक उगीच दोष देतात. ६०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर जेमतेम २.६ अँपिअर घेतं. १ चौरस मिमीच्या तांब्याच्या वीस मीटर वायरमध्ये त्यावर दोन व्होल्टही पडत नाहीत. दोष असतो तो ढिल्या सॉकेटचा, नाहीतर तांब्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या हलक्या वायरचा. ओल्या पडवीत किंवा अंगणात काम असेल तर मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवा. शिवाय मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन ही खूण बघा, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन.

बॅटरीवालं का नको, हेही कोणी विचारेलच. गावात राहणाऱ्याला दोन्ही चालतात. पण घर मुंबईकरांचं असेल, गणपतीला आणि मे महिन्यात उघडणारं, तर बॅटरी महिनोन्महिने बंद खोलीत पडून राहते आणि नेमकी लागते तेव्हा मान टाकते. वायरच्या मशीनला ही भीती नाही. उलट बाजू ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याने पाहिली आहे. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, पत्रे उडालेले, आणि वायरचं मशीन जनरेटरशिवाय निरुपयोगी.

खाऱ्या हवेसाठी माझी एक ठाम पसंती आहे: चावीचा लोखंडी चक. बिनचावीचा चक हाताळायला सोपा, पण हॅमरवर तो सैल होतो आणि जबड्यांत गंज आणि तांबडी भुकटी बसली की सोडवता सोडवत नाही. चावीच्या चकला महिन्यातून एकदा दोन थेंब तेल पुरतं. मशीनबरोबर मिळणारी प्लास्टिकची पेटी पावसाळ्यात ओल धरून ठेवते. त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पेटी मांगरात (बाहेरच्या शेडमध्ये) न ठेवता घरातल्या कपाटात ठेवा. बिटं तेलाच्या फडक्यात.

तर निवड अशी. चिऱ्याचं घर आणि किरकोळ कामं: १० मिमी, ट्रिगरवर वेग बदलणारं. चिरा आणि स्लॅब दोन्ही, आणि घरी थोडीफार सुतारकी: १३ मिमी एका गिअरचं, ६०० ते ७५० वॅट. बहुतेक वाचक याच ओळीत बसतील. यात जीएसबी ६०० हलकं आणि खिशाला सोपं, एचपी १६३० किंचित जड पण लोखंडात जास्त टिकून काम करणारं. दोघांत मी लोखंडाचं काम असेल तरच मकिताचे जादा पैसे देईन. टेबल, दरवाजे, होडी असं मोठं काम घरीच करणाऱ्यांनी दोन गिअरचं बघावं. ड्रिल स्टँडला लावायचं मनात असेल तर मशीनच्या मानेचा (चकच्या मागच्या गोल भागाचा) व्यास ४३ मिमी आहे का ते मोजा. बहुतेक स्टँड त्याच मापाचे असतात.

कंपनी कुठलीही घ्या, पण चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळच्या बाजारात तिचे कार्बन (मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे ब्रश) आणि स्विच मिळतात का, ते आधी फोन करून विचारा. जो दुकानदार “मुंबईहून मागवावे लागतील” म्हणेल त्याच्याकडून मशीन घेऊ नका. घेताना चकमध्ये लांब, सरळ ६ मिमीचं बिट लावून मशीन मोकळं फिरवायला सांगा आणि टोकाकडे बघा. टोक एका ठिपक्यासारखं न दिसता गोल फिरताना दिसलं तर दुसरा नग मागा. आणि त्याच बिलात कार्बनची एक जादा जोडी घ्या, कारण मॉडेल बंद झालं की आधी तेच मिळेनासे होतात.