जुनी ऑटोमॅटिक गाडी सतत तिसऱ्या गिअरला अडकायची : सोलेनॉइड बदलून आठेक महिने झाले, त्यानंतरचा अनुभव

काम करून आता आठेक महिने होत आले, मधे अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. गिअरबॉक्स ओव्हरहॉलचे एक लाख वीस हजार सांगितले होते, काम झालं सोळा हजारांच्या आसपास, आणि तो प्रॉब्लेम परत आलेला नाही. बॉक्सला काहीच झालेलं नव्हतं. सोलेनॉइडमधलं वायरचं एक छोटं वेटोळं गरम झालं की तुटायचं आणि गार झालं की जुळायचं, एवढाच सगळा खेळ.

गाडी २००७ ची पेट्रोल सेडान, २०२२ ला रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी रिन्यू करून घेतलंय. चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलामार्फत जोडलेले) ऑटोमॅटिक आहे, हल्लीच्या छोट्या गाड्यांत येतं ते एएमटी नाही. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आपल्या हातापायांऐवजी ॲक्च्युएटर, म्हणजे ते काम करणारं यंत्र, असतो, त्यामुळे तुमची एएमटी असेल तर खाली लिहिलेलं बरंचसं तुमच्या कामाचं नाही. आमच्याकडे बाबांचे गुडघे गेलेत आणि त्यांना गाडी सोडायची नाही, त्यामुळे ऑटोमॅटिकला पर्याय नाही आणि नवीन घ्यायचं बजेट सध्या नाही.

त्रास असा होता की सकाळी गाडी एकदम ठणठणीत. नाशिकच्या गंगापूर रोडवरून निघाले, अंबडला ऑफिसात पोचले, काही नाही. संध्याकाळी परत येताना मुंबई नाका, द्वारका, तिथल्या ट्रॅफिकमधे अर्धा-पाऊण तास रांगत गेलं की मग कधीतरी डॅशबोर्डवरचा ओव्हरड्राइव्हचा (म्हणजे सगळ्यात वरच्या, चौथ्या गिअरचा) लाइट फडफडायला लागायचा आणि सिग्नलला थांबून परत निघताना गाडी जागची हलायचीच नाही म्हणजे हलायची पण जीव काढत, मॅन्युअल गाडी तिसऱ्यात टाकून उचलली तर जशी उचलते तशी, मागून हॉर्न सुरू. चाळीसच्या पुढे गेलं की सगळं नॉर्मल वाटायचं. आणि गाडी बंद करून परत स्टार्ट केली की बरी! ह्या शेवटच्या गोष्टीने सगळ्यांना चकवलं. गॅरेजला नेईपर्यंत गार व्हायची, तिथे चालवून बघितली की मेकॅनिक म्हणणार, "ताई, गाडी तर मस्त चाललीय."

हे का होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिअर बदलायचं काम आत तेलाच्या दाबाने होतं आणि ते तेल कुठल्या वाटेने जायचं हे सोलेनॉइड ठरवतात. सोलेनॉइड म्हणजे विजेवर उघडझाप करणारा छोटा व्हॉल्व्ह. माझ्या बॉक्सात शिफ्टचे असे दोन आहेत, दोघांच्या चालू-बंदच्या कॉम्बिनेशनवर चार गिअर निघतात. कॉम्प्युटरला त्यातला पहिला तुटलेला दिसला की तो पहिला-दुसरा गिअर विसरतो आणि उरलेल्या एकावर तिसरा आणि चौथा एवढंच चालवतो, म्हणजे गाडी निदान घरी तरी पोचेल. बिघाड नाहीये तो, सोय आहे खरंतर. आणि इग्निशन बंद करून चालू केलं की कॉम्प्युटर नव्याने सुरुवात करतो, तेवढ्यात वेटोळं गार होऊन जुळलं असेल तर त्याच्या लेखी काही झालेलंच नाही.

पहिल्या ठिकाणी एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, बदलायला सांगितलं. बदललं. त्यात चूक काही नव्हती, तेल काळपट झालेलंच होतं. पण खालचा बोल्ट काढून निथळलं की निघतं तीन-साडेतीन लिटर, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमधेच राहतं, त्यामुळे एकदा बदललं म्हणजे सगळं नवीन झालं असं अजिबात नसतं हे लक्षात ठेवा. त्यानंतर महिनाभर गाडी शहाण्यासारखी वागली आणि सगळ्यांना वाटलं की झालं काम. डिसेंबर होता, नाशिकची थंडी, बॉक्स तापेलच कशाला? जानेवारीच्या शेवटी दुपारी ऊन लागायला लागलं आणि परत तेच.

दुसऱ्या ठिकाणी चावी हातात घेतली, पार्किंगमधे मागे-पुढे केली आणि सांगितलं बॉक्स गेला, खोलावा लागेल. बोलणी सगळी माझ्या भावाशी चालू, जो बिचारा फक्त मला सोडायला आला होता आणि ज्याला गाडीतलं पेट्रोल कुठे भरतात त्याच्या पलीकडे काही माहीत नाही. लाइट घालवायला त्यांनी बॅटरी काढून परत लावली. असं कुणी करायला लागलं तर हात धरा. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरमधे साठलेले बिघाडाचे कोड पुसले जातात, म्हणजे पुरावाच गेला. माझ्याकडचा हे कोड वाचायचा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर फक्त पी०७०० दाखवत होता, त्याचा अर्थ एवढाच की ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरला काहीतरी तक्रार आहे, तक्रार काय ते त्यालाच विचारा. ते विचारायला ट्रान्समिशनपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. बाहेर एका जणाने पाचशे रुपये घेऊन तो लावला आणि पी०७५३ निघाला, पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडचा इलेक्ट्रिकल फॉल्ट. बॉक्सच्या आतल्या क्लच प्लेट घसरत असत्या तर गिअर रेशोचा कोड यायला हवा होता, पी०७३० वगैरे. तो नव्हता. मी क्वालिटीत काम करते, मोजल्याशिवाय रिजेक्ट मारायचं नाही हे रोज दुसऱ्यांना सांगते, मग एक लाख वीस हजाराचा बॉक्स न मोजता कसा रिजेक्ट करू?

तर मग तिसरे, द्वारकेच्या बाजूचे एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन चाचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, गरम झाल्यावरच नाटक करते ना? मग गरमच आणा. थंड गाडी बघून मी काय सांगू?" पण त्याआधी त्यांनी एक टेस्ट केली ती मला फार आवडली. बॉक्सवरचा सोलेनॉइडचा कनेक्टरच काढून टाकला, म्हणजे कॉम्प्युटर आउट, आणि गाडी रिकाम्या रस्त्यावर चालवली. अशा वेळी लिव्हरच्या कुठल्या पोझिशनला कुठला गिअर लागला पाहिजे हे सर्व्हिस मॅन्युअलमधे दिलेलं असतं, माझ्या बॉक्सला एल मधे पहिला, दोनमधे तिसरा आणि डी मधे चौथा. तिन्ही बरोबर लागले, घसरणं नाही, आवाज नाही. म्हणजे क्लच, पंप, तेलाचा दाब हे सगळं ठीक आणि भांडण विजेचं. दहा मिनिटांची टेस्ट, खर्च शून्य, आणि लाखाचं काम सांगणाऱ्याने ती केली नव्हती.

मग रविवारी गाडी तापवायला निघालो. कसारा घाट उतरून परत चढलो, एसी फुल, चाचा पुढच्या सीटवर मल्टीमीटर मांडीवर घेऊन. वर इगतपुरीला येईपर्यंत काही नाही, मला वाटलं आजही चकवणार, आणि घोटीच्या अलीकडे लाइट फडफडला. हायवे सोडून एका हॉटेलच्या पार्किंगमधे लावली, इंजिन बंद, बॉनेट वर. कनेक्टरला दोन पिना, एकेका सोलेनॉइडची एकेक, आणि दुसरं टोक बॉडीला अर्थ. सकाळी गार असताना दोन्हींचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १२.६ ओहमच्या आसपास होता, माझ्या बॉक्सला ११ ते १५ चालतात. आता दुसरा पंधराच्या पुढे गेलेला, ते बरोबरच आहे कारण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो आणि मॅन्युअलमधली रेंज गार बॉक्सची असते. पहिल्याला मीटरवर ओएल. म्हणजे ओपन, वाटच नाही. चाचांनी प्रोब तसाच धरून ठेवला, हात पोळू नये म्हणून कापड गुंडाळलेलं, आम्ही दोघं काही न बोलता आकड्याकडे बघत. ओएल, ओएल, मग एकदम १५, परत ओएल, परत १५, आणि थोड्या वेळाने तिथेच स्थिर. चाचांनी मीटर बंद केला आणि म्हणाले, "चला, आता चहा पिऊ."

वायर की सोलेनॉइड हा प्रश्न उरला होता, कारण बॉक्सच्या आतली वायर गरम तेलात राहून कडक होते आणि तुटू शकते. ऑइल पॅन खोलल्यावर आतली वायर चांगली निघाली, सोलेनॉइड बाहेर काढून हीट गनने तापवला आणि तोच ओपन झाला, विषय संपला. पॅन खोललाच आहे तर त्यातलं लोहचुंबक नक्की बघा. माझ्या चुंबकावर काजळासारखा मऊ थर होता, बोटाने पुसला की गेला, लाखभर किलोमीटर झालेल्या बॉक्सात एवढं चालतं. कण लागले असते, टोचणारे, तर मग ओव्हरहॉलचं बोलणं मी पण ऐकून घेतलं असतं.

दोन्ही सोलेनॉइड बदलले, एक चांगला असला तरी वय दोघांचं सारखंच आणि पॅन परत कोण खोलणार. जोडीचे सात हजार सहाशे, तेल चार लिटर तीन हजार, गॅस्केट सहाशे, मजुरी साडेचार हजार, वरचे पाचशे स्कॅनिंगचे. तेल डिपस्टिकवर लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या, सगळ्या गाड्यांना चालतं म्हणून देतात ते घेऊ नका. लेव्हल बॉक्स गरम असताना, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या पोझिशनमधून फिरवून मग बघायची, आणि जास्त भरू नका, जास्त झालं तर फेसाळतं आणि मग नसलेले प्रॉब्लेम सुरू होतात.

आता नंतरचं. पहिले काही दिवस एकातून दोनमधे जाताना थोडा झटका द्यायची, ते आपोआप गेलं. एप्रिल-मे मधे मुद्दाम त्रास दिला, नांदुरीहून सप्तशृंगी गड चार माणसं आणि एसीसकट, दोनदा कसारा, आणि शहरात सिंहस्थाच्या कामांसाठी ठिकठिकाणी खोदून ठेवलंय त्यामुळे रांगणं तर रोजचंच. लाइट एकदाही फडफडला नाही. घाट उतरताना ओव्हरड्राइव्ह बंद करायची सवय मात्र लावून घेतलीय, गरज पडली तर लिव्हर दोनवर, ब्रेक तापत नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणखी एकदा तेल निथळून भरलं, आता डिपस्टिकवर स्वच्छ लाल दिसतं.

सगळं गुडी गुडी आहे असं नाही. सकाळी गार असताना रिव्हर्सला टाकलं की धप्प असा आवाज अजून येतो, चाचा म्हणतात इंजिन माउंट (इंजिनला धरून ठेवणारा रबरी आधार) जुनं झालंय, मला पटतंय पण अजून बदललेलं नाही. ॲव्हरेज शहरात नऊ-दहा, आधीही तेवढंच होतं, त्यामुळे सोलेनॉइड बदलून ॲव्हरेज वाढेल ह्या आशेवर कुणी राहू नये. आणि बाबांनी आता भाचीच्या लग्नाला पुण्याला गाडी मीच नेणार म्हणून जाहीर केलंय, तो साइड इफेक्ट कुठल्याच मॅन्युअलमधे नव्हता.

अशी जुनी ऑटोमॅटिक सेकंडहँड घ्यावी का असं ऑफिसात दोघांनी विचारलं. शहरात सोलेनॉइड, सेन्सर जाणणारा माणूस माहीत असेल तर घ्या, बघायला जाताना मात्र गाडी आधीपासून गरम करून ठेवू नका म्हणून मालकाला सांगा, गार असताना एकदा आणि तासभर ट्रॅफिकमधे फिरवल्यावर एकदा अशी दोनदा चालवा. मालक तासभर द्यायला तयार नसेल तर सोडून द्या.

माझ्याकडे पॅनच्या एका कोपऱ्याला हल्ली किंचित तेल पाझरतंय, खाली थेंब पडत नाही पण हात लावला तर ओलं लागतं. बोल्ट एकदा समान टॉर्कने आवळून झाले, तरी आहे. दिवाळीनंतर गॅस्केट आणि माउंट एकदमच करून घेणार आहे.